जवभर जास्त

११ फेब्रुवारी १९०८

नव्या वहीचे पहिले पान. देवासहून निघताना ताईने ती हातात दिली आणि बजावले की रोज चार ओळी लिही, परत आलास की मला वाचून दाखव. तेव्हा ताई, ऐक. तुझा भाऊ सुखरूप पोहोचला.

महूपर्यंत आगगाडी आणि तिथून धारेपर्यंत टांगा. हाडे खिळखिळी झाली, पण हवा इतकी गोड होती की कंटाळा आला नाही. गहू पिवळा पडू लागला आहे, मधूनच अफूची पांढरी फुले. धारेच्या पुढे कुक्षीच्या रस्त्याला तीन कोसांवर, सरदार हंबीररावांकडे जायचे आहे असे सांगताच टांगेवाला म्हणाला, "वां तो काच को घर हे, भिया." मला वाटले थट्टा करतो. पण खरेच आहे. तीन वर्षांपूर्वी बांधलेली नवीकोरी कोठी, आणि पुढची सगळी बाजू काचेची. हंबीररावांना जागेवर बसून आपली शेते, रस्ता, फाटक, सगळे दिसायला हवे असते म्हणे.

माझी खोली तळ्याच्या बाजूला. पलंग, टेबल, मोठी खिडकी. बाईसाहेबांची दासी बकुळा पाण्याचा तांब्या ठेवून गेली. वीसेक वर्षांची, हसतमुख पोर आहे. आचारी ब्राह्मण आहे, त्यामुळे जेवणाची काळजी मिटली. आज बाफले होते, उकडून भाजलेले कणकेचे गोळे तुपात बुडवून. पाच खाल्ले. सहावा पानात टाकताना आचारी माझ्याकडे पाहून हसला.

कामाचे असे की, इंदूरचे डोळ्यांचे डॉक्टर शरच्चंद्र, ज्यांच्याकडे मी वर्षभर कंपाउंडर आहे, ते हंबीररावांच्या पापण्यांवर शस्त्रक्रिया करणार आहेत. मी मदतनीस. नंतर दोन महिने मलमपट्टीला मी इथेच राहायचे. वडील गेल्यामुळे वैद्यकशाळेतले माझे शेवटचे वर्ष राहून गेले, त्याची भरपाई अशी झाली तर काय वाईट? आजार असा काहीच नाही म्हणतात. मग कापायचे काय, ते उद्या-परवा कळेल.

१३ फेब्रुवारी

आज हंबीररावांना पाहिले. वय सत्तावन्न, उंच, पाठ ताठ, आवाज खालचा. वरच्या पापण्यांची कातडी मात्र सैल होऊन तिची घडी थेट केसांवर येऊन टेकली आहे, दोरी सुटलेला पडदा खाली घसरावा तशी. डोळे आतून उत्तम आहेत. फाटकाशी उभ्या बैलाच्या शिंगाचा रंग त्यांनी मला जागेवरून सांगितला. पण पाहणाऱ्याला वाटते, गृहस्थ पेंगत आहेत.

तेच दुखणे. गेल्या दसऱ्याला धारेच्या दरबारात एक तरुण मानकरी त्यांच्यासमोरून मुजरा न करता गेला. शेजारच्याला म्हणाला, असू द्या, म्हातारा झोपला आहे. चार जण हसले. हंबीरराव जागे होते, सगळे ऐकत होते. हे त्यांनी स्वतः, काही न लपवता आम्हाला सांगितले. शेवटी म्हणाले, "डॉक्टर, पूर्वी मी नुसतं बघितलं की माणसं गप्प व्हायची. तो डोळा मला परत पाहिजे."

संध्याकाळी डॉक्टरांनी मला सगळी रीत समजावली. मी दोनदा विचारून घेतले, कारण असले काही मी पूर्वी पाहिले नव्हते. पापणीत कोकेनची सुई द्यायची. सैल कातडी बारीक चिमट्यात उचलून धरायची आणि तशीच धरून रोग्याला डोळा मिटायला सांगायचा. सहज मिटला तर तेवढी कातडी फाजील समजायची आणि शाईने रेघ आखायची. मग लिंबाच्या पानासारखा निमुळता तुकडा कापून काढायचा, कडा रेशमाने शिवायच्या. वण पापणीच्या घडीतच लपतो. सगळे कसब कापण्यात नाही, म्हणाले, किती ठेवायचे यात आहे. कमी निघाली तर पुन्हा काढता येते. जास्त निघाली तर पापणी पुरत नाही, डोळा मिटत नाही, बुबुळ सुकते आणि त्यावर फूल पडते.

युरोपात आता रूपाच्या हौसेखातरही लोक हे करून घेतात, असेही म्हणाले. मला नवल वाटले आणि मौजही. खूप शिकायला मिळणार.

१७ फेब्रुवारी

झाले. उजेड चांगला म्हणून काचेच्या ओसरीतच सकाळी दहाला बसलो.

हंबीररावांनी हातात आरसा घेतल्याशिवाय सुरू करू दिले नाही. डॉक्टरांनी घडी चिमट्यात धरली, डोळा मिटायला सांगितला, तो छान मिटला. रेघ आखली. हंबीररावांनी आरशात पाहून विचारले, "एवढंच?" डॉक्टर म्हणाले, पुरे आहे सरकार, थोडी राखलेली बरी. "आणखी घ्या." डॉक्टरांनी पुन्हा समजावले. हंबीररावांनी आवाज चढवला नाही. नुसते म्हणाले, "मी सांगतो तेवढी घ्या."

डॉक्टरांनी रेघ जवभर वर नेली. पुन्हा चिमटा लावला, पुन्हा मिटायला सांगितले. मी डोक्याशी डोळा धुवायची पिचकारी घेऊन उभा होतो. पापणी खाली आली आणि थांबली. खाली दोऱ्याएवढी फट राहिली, तिच्यातून पांढरे दिसत होते. डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. काय बोलायला हवे ते मला ठाऊक होते, चार दिवसांपूर्वीच शिकलो होतो. पण ते शिकवणारे, मी कंपाउंडर. आणि हंबीरराव आरशातून बघत होते. मी मान खाली घालून पिचकारी भरून घेतली.

चाळीस मिनिटांत दोन्ही डोळे झाले. त्यांनी हूं की चूं केले नाही. बशीत दोन तुकडे पडले होते, डाळिंबाच्या आतल्या पापुद्र्यासारखे. त्यांचा जुना नोकर गणोजी ते पुरायला घेऊन गेला.

जवभर कातडी ती काय. सूज उतरली की सैल होईल.

२२ फेब्रुवारी

टाके काढले. वण केसासारखा बारीक. हंबीररावांचे वय दहा वर्षांनी उतरले आहे हे शत्रूही कबूल करील. डोळे मोठे, पाणीदार, आणि त्यांचा धाक काय असेल तो आज कळला. मी पट्टी सोडत असताना त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिले आणि माझा हात आपोआप मागे आला.

कोठीत पेढे वाटले. मला शेला मिळाला. डॉक्टरांना तर मिठीच मारली.

बाईसाहेब, म्हणजे त्यांच्या पत्नी भवानीबाई, दाराआडून माझ्याशी बोलतात. सगळे खुशीत असताना त्यांनी मला बोलावून एवढेच विचारले की, सकाळपासून यांची पापणी लवलेली तुम्ही पाहिलीत का. मी म्हटले, हो तर. मग खोलीत येऊन आठवू लागलो.

२७ फेब्रुवारी

दुपारी जेवणानंतर हंबीरराव ओसरीत आरामखुर्चीवर निजतात. आज औषध घालायला गेलो तेव्हा घोरत होते. डोळे अर्धे उघडे, बुबुळे वर गेलेली, खाली नुसता पांढरा पट्टा. असे होते, त्यात विशेष काही नाही. झोपेत बुबुळ वर वळते.

डॉक्टरांना सांगितले. म्हणाले, सूज आहे, महिनाभरात बसेल. दर घटकेला बोरिकचे पाणी, निजताना एरंडेलाचा थेंब, वर ओली पट्टी. माझ्याकडे न बघता बोलत होते. मग म्हणाले, इंदूरला चार दिवसांचे काम आहे, जाऊन येतो. टांगा आधीच सांगून ठेवला होता. सामानही सगळे नेले, हत्यारांची पेटी सोडून.

५ मार्च

हंबीरराव काल धारेला दरबाराला जाऊन आले. मी बरोबर होतो, औषधाची पिशवी घेऊन बाहेर बसलो. गणोजीने आत पाहिलेले सांगितले. सरकार बसले आणि त्या तरुण मानकऱ्याकडे बघू लागले. नुसते बघत राहिले. तो आधी हसला, मग इकडेतिकडे पाहू लागला, मग उठून समोर आला आणि तीनदा मुजरा केला. तेव्हा कुणी हसले नाही. सगळ्यांची नजर जाजमाकडे.

येताना सरकार अतिशय आनंदात होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "श्रीपादपंत, सत्तावन्न वर्षांत असा दिवस नाही गेला."

पण परतीच्या वाटेवर वारा होता. तीन कोस धूळ. घरी पोहोचलो तेव्हा दोन्ही डोळे गुंजेसारखे लाल. धुता धुता पिचकारीचे पाणी गढूळ होऊन खाली येत होते. त्यांना हाताने पापणी खाली ओढून डोळा झाकावा लागला. सोडली की पुन्हा वर.

१० मार्च

डॉक्टर आले नाहीत. दोन पत्रे टाकली, उत्तर नाही.

ऊन तापू लागले आहे. कोठीच्या काचांतून उजेड असा येतो की मलाच डोळे बारीक करावे लागतात. त्यांना तेही करता येत नाही. गणोजीने काचांवर चादरी लावल्या. सरकारांनी काढायला लावल्या. रस्ता दिसत नाही म्हणाले.

डाव्या बुबुळावर खालच्या बाजूला करडा ठिपका दिसतो आहे. मी धीर करून सांगितले की, दोन्ही पापण्या बाहेरच्या कोपऱ्याशी चार टाक्यांनी जोडल्या तर डोळा झाकेल, ठिपका वाढणार नाही. ते म्हणाले, मग डोळा लहान दिसेल. म्हटले, थोडा दिसेल. ते म्हणाले, पेंगल्यासारखा. त्यांनी नाही म्हणून सांगितले.

ताईचे पत्र आले. होळीला येणार का विचारते. कसा येऊ?

१३ मार्च

आता ते रात्री मुळीच झोपत नाहीत. झोप लागते ती फक्त दुपारी, तीही तुकड्यातुकड्याने, म्हणून मी दिवसभर खुर्चीशेजारी बसून थेंब घालतो. एक गोष्ट लिहून ठेवतो. पूर्वी झोपेत बुबुळे वर जात. आता जात नाहीत. सरळ समोर असतात. घोरणे चालू, नाडी संथ, ओठ सैल, आणि डोळे माझ्यावर.

आज ते असेच निजले असताना मी त्यांच्या टेबलावरचा आरसा उचलून माझा चेहरा पाहिला आणि परत ठेवला. झोप नाही म्हणून माझे डोळे सुजले आहेत का, एवढेच बघायचे होते. तासाने उठले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "तुमच्या पापण्या चांगल्या आहेत, पंत. आरशात कशाला बघता?"

नाडी माझ्या हाताखाली होती. झोपलेल्या माणसाचीच होती.

१५ मार्च

डॉक्टरांचे पत्र आले, माझ्या नावाने. सरकारांनी ते माझ्या आधी फोडून वाचले. लिहितात की मुंबईला जात आहेत. पापणी वाढवायची तर नवी कातडी शिवावी लागेल. रोग्याच्याच दंडाच्या आतल्या बाजूची चालेल, पण ती जाड दिसेल. पापणीला पापणीचीच कातडी शोभते. दुसऱ्या माणसाची लावल्याची उदाहरणे आहेत, पण ती टिकत नाही.

पत्र माझ्या हातात देण्याआधी सरकारांनी एवढेच मोठ्याने वाचून दाखवले: दुसऱ्या माणसाची लावल्याची उदाहरणे आहेत.

१६ मार्च

सकाळी सगळ्या नोकरांना ओसरीत उभे केले. एकेकाच्या समोर जाऊन अंगठा आणि बोट यांच्यात पापणी धरतात, हळूच, कापडाचा पोत बघावा तशी. मग म्हणतात, मिट. पोत बघून पुढे जातात. गणोजीची सोडून दिली, जुनी आहे म्हणाले. बकुळेशी थांबले. दोनदा धरली. म्हणाले, "हिची मऊ आहे."

पोरीला वाटले काही औषधाचे चालले आहे. हसली.

दुपारी भवानीबाईंनी बोलावले. आज पहिल्यांदा दार पुरते उघडून समोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी पंधरा दिवस तोंडावर पदर घेऊन निजते आहे. इकडच्या मनात काय आहे ते मला कळलं. बकुळेला लहानपणापासून मी वाढवलंय. तिला इथून काढा." मी म्हटले, फाटक ओसरीतून दिसते. त्या म्हणाल्या, "ते निजतात ना दुपारी."

मी त्यांना सांगितले नाही की त्याची मला खात्री नाही.

१८ मार्च

धुळवड. सगळे नोकर रंग खेळायला गावात गेले होते. माळव्यातल्या राजगडकडे जाणाऱ्या जैन यात्रेकरूंच्या चार गाड्या दुपारी फाटकापाशी पाण्याला थांबल्या. सरकार घोरत होते. मी थेंब घातले, शंभर अंक मोजले, उठलो. मागच्या बाजूने बकुळेला नेले आणि एका म्हाताऱ्या बाईच्या शेजारी बसवले. भवानीबाईंनी तिच्यासाठी गाठोडे दिले होते. ती रडत होती, पण बसली. गाड्या हलल्या. परत येऊन मी खुर्चीशेजारी बसलो. सरकार घोरत होते.

तीन वाजता ते उठून बसले. मी पिचकारी भरत होतो.

"बकुळा नीट बसली का गाडीत?"

रागावले नव्हते. मला खाली बसवले. म्हणाले, बरे केलेत, लहान आहे ती. मग म्हणाले, "त्या दिवशी आरशात मी डॉक्टरांना बघत नव्हतो, तुम्हाला बघत होतो. फट तुम्हाला दिसली. तुमच्या तोंडावर आलं ते मी वाचलं. तुम्ही एक शब्द बोलला असता तर मी थांबलो असतो."

खरेच थांबले असते? मला माहीत नाही. लिहितानाही माहीत नाही.

मग म्हणाले, "डोळे मिटा, श्रीपादपंत."

बोटे थंड होती. त्यांनी माझी पापणी फार जपून धरली.

२१ मार्च

फाटकाला कुलूप आहे. आज गणोजी आणि दोन स्वार डॉक्टरांना महूहून घेऊन आले. मुंबईला गेलेच नव्हते. त्यांनी माझ्यासमोर सरकारांना स्पष्ट सांगितले की दुसऱ्याची कातडी धरल्यासारखी वाटते, पण दहा दिवसांत मरते आणि गळून पडते, आजवर कुणाची राहिलेली नाही.

सरकार म्हणाले, "म्हणजे दहा दिवस झोप."

मग काचेतून बाहेर अंगणात पाहत राहिले. तिथे आचारी, माळी, माळ्याची बायको, तिच्या कडेवरची मुलगी. ओठ हलत होते. मोजत होते असे मला वाटले.

२२ मार्च

मी हो म्हटले. कुणी हात धरले नाहीत. मी नाही म्हटले तर माळ्याची बायको. आणि ती फट मी पाहिली होती, हे तर खरेच आहे.

डावा आधी. डॉक्टर कानाशी पुटपुटले की राखून काढतो, मिटेल, काळजी करू नकोस. चिमटा लावला. मिट म्हणाले. मिटला नाही, उजेडाची रेघ आत येत राहिली. या वेळी मी बोललो. मोठ्याने म्हणालो, डॉक्टर, फट राहते आहे.

डॉक्टरांनी सरकारांकडे पाहिले.

सरकार म्हणाले, "मला पुरली पाहिजे."

२६ मार्च

एका डोळ्याने लिहितो. ओळी वाकड्या जातात. डाव्यावर ओली पट्टी. पट्टी काढली की हवा लागते, सुई फिरवल्यासारखी.

त्यांचा डावा डोळा मिटला. माझ्या कातडीने. चार तास झोपले. भवानीबाई रडल्या, गणोजी रडला. मलाही बरे वाटले, ते लिहायला हवे. माणूस झोपलेला पाहून बरे वाटते.

फक्त उजवा उघडा होता. माझ्याकडे.

३० मार्च

त्यांच्या नव्या पापणीची कड निळसर. डॉक्टर म्हणतात थांबू. त्यांना वरच्या खोलीत ठेवले आहे, बाहेरून कडी.

माझा डोळा कोरडा. एरंडेल घालतो. सकाळी आरशात बुबुळावर काही दिसले, खालच्या बाजूला. पुन्हा बघितले नाही.

सरकार मला विचारतात, आता कळलं ना कसं असतं?

कळले.

१ एप्रिल

त्यांची नवी पापणी काळी. वास येतो. आज त्यांनी स्वतःच अंगठ्याने ओढून काढली आणि बशीत ठेवली. मग सगळा दिवस उन्हात, फाटकाकडे तोंड करून—

डॉक्टरांना हत्यारे उकळायला सांगितली आहेत. उद्या माझा उजवा.

उजवा गेला की मी—

२ एप्रिल, दुपार

भवानीबाईंनी सकाळी पाण्याच्या तांब्याखाली चिठ्ठी ठेवली. मागच्या फाटकाची किल्ली मिळाली आहे. तळ्याच्या पाळीवर टांगा उभा राहील. वाट मोकळी झाली की त्या स्वयंपाकघरात खलबत्ता तीनदा वाजवतील. डॉक्टर काल रात्रीच खिडकीतून गेले म्हणे. म्हणजे आता कापणारा मी एकटाच. मी गेलो की इथे चिमटा धरणारे कुणी उरत नाही. माळ्याची बायको, ती मुलगी, सगळी वाचतात. म्हणून जायलाच हवे.

ते समोर खुर्चीत. घोरताहेत. मी शेजारी नेहमीसारखा. रिकामे बसलो तर नजर दाराकडे जाते, म्हणून लिहितो आहे. थेंब घातले. नाडी पाहिली, संथ. डोळे उघडे, माझ्यावर. हात डोळ्यांसमोरून फिरवला. हलले नाहीत.

शंभर मोजले. पुन्हा शंभर.

उजव्या हाताचा अंगठा आणि बोट हलतात मधूनच. चिमटीत काही धरल्यासारखे. झोपेत होते असे.

खल वाजला. एक. दोन.

तीन.

दारापर्यंत आठ पावले. जोडे काखेत घेतले आहेत. वही खुर्चीवर उघडी ठेवतो, म्हणजे कुणी पाहिले तर वाटेल आताच येतो म्हणून उठला. पेन्सिल तिच्यावर—

घोरणे कधी थांबले? मघाशी होते. मी तीन मोजेपर्यंत होते. डोळे तसेच आहेत, तसेच, पण आता ते वहीकडे बघ